वेलांटीचे दोन दात

मांजरी आजारी आहे हे पाटीकाकांना तिच्या शेपटीवरून कळलं.

"एम्मे, खाली ये," त्यांनी जिन्यातून हाक मारली.

मी साहित्य घेऊन एम.ए. झाले आहे. काकांच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहते. पहिल्या दिवशी त्यांनी माझं शिक्षण विचारलं आणि नाव विचारायचं राहून गेलं. तेव्हापासून मी एम्मे.

मी खाली गेले. उंबऱ्यात वेलांटी बसली होती.

"शेपटी बघ," काका म्हणाले.

"काय झालं शेपटीला?"

"उकार झालाय."

हे समजायला काका समजायला हवेत. ते पाट्या रंगवतात. चाळीस वर्षं झाली. सगळं जग त्यांना अक्षरांत दिसतं. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणजे ठ. त्याची बायको म्हणजे काना. आक्कांची कंबर वाकली तेव्हा ते म्हणाले, "आक्का, तुझा र झाला." आक्का दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

मांजरीचं नावही तिथूनच आलं. ती पांढरी आहे. शेपटी पाठीवरून कमानीसारखी पुढे येते. तोंड उजवीकडे केलं की पहिली वेलांटी, डावीकडे केलं की दुसरी. नऊ वर्षं ती अशीच वावरली. आता शेपटी जमिनीवर लोळत होती. अक्षराच्या वर असायची ती खाली गेली होती.

"लाळही गळतेय," मी म्हणाले.

"ती कालपासून. पण शेपटी आजची."

आक्का आतून आल्या. आक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. दुकानामागच्या दोन खोल्यांत हे दोघंच राहतात. आक्कांना मांजर आवडत नाही. असं आक्काच सांगतात.

"नाटकं आहेत भवानीची," आक्का म्हणाल्या. त्यांच्या हातात वाटी होती. वाटीत उकडलेलं अंडं होतं, चमच्याने इतकं बारीक केलेलं की तान्ह्या बाळाला देता आलं असतं. वेलांटीने वाटी हुंगली. एक घास तोंडात घेतला, मान झटकली आणि मागे सरकली.

"बघ," आक्का म्हणाल्या. "नाटकं." आणि अंडं आणखी बारीक करायला लागल्या.

आम्ही तिला पिशवीत घालून दवाखान्यात नेलं. दवाखाना दोन गल्ल्या सोडून आहे. पूर्वी काकांच्या हातात काम होतं तेव्हा वेलांटी शिंकली तरी ते तिला तिथे न्यायचे. आता पाट्या यंत्रातून निघतात. सकाळी सांगा, दुपारी लटकवा. गेल्या महिन्यात काकांना तीनच कामं मिळाली. एका फाटकावर "गाडी लावू नये" लिहायचं. एका टपालपेटीवरून धाकट्या भावाचं नाव खोडायचं. आणि पुढच्या आठवड्यात भावांचा समेट झाला म्हणून ते परत लिहायचं. परत लिहिण्याचे पैसे काकांनी घेतले नाहीत.

"खोडायचे घेतले होते," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. भरभर बोलतात. त्यांनी वेलांटीचं तोंड उघडलं, दिवा मारला, मिटलं.

"दोन दाढा गेल्यात. हिरडी सुजलीय. भूल देऊन काढाव्या लागतील."

मग त्यांनी आकडा सांगितला.

काकांनी वेलांटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत वेलांटीकडे.

"एका दाढेचा की दोन्हींचा?"

"दोन्हींचा. सगळं धरून."

"एकच काढली तर?"

"दुसरी दुखत राहील."

"माझे चार दात पडले डॉक्टरबाई. आपापले पडले. कुणी भूल दिली नाही."

"तुम्ही मांजर नाही आहात काका."

"ते खरं," काका म्हणाले. यावर त्यांनी बराच विचार केलेला दिसला.

डॉक्टरीणबाईंनी पाच दिवसांची औषधं लिहून दिली. "यांनी दुखणं दबेल, जाणार नाही. दहा दिवसांच्या आत दाढा काढायच्या. तोवर पातळ करून थोडं थोडं भरवा. मांजर उपाशी राहिलं की यकृत बिघडतं. आणि घरातल्या माणसांच्या गोळ्या अजिबात द्यायच्या नाहीत. माणसाची दुखण्याची गोळी मांजराला विष असते."

हे घरी येऊन आक्कांना सांगितलं. आक्कांच्या मुठीत काहीतरी होतं. गुडघ्यासाठी घेतात ती गोळी, अर्धी मोडलेली. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि ती स्वतःच गिळून टाकली.

"माझा गुडघा दुखतोय," त्या म्हणाल्या. कुणी काही विचारलं नव्हतं.

मग बैठक बसली. वेलांटी मध्ये, आम्ही तिघं भोवती.

"मी शिडी विकतो," काका म्हणाले.

"मग पाट्या कशा रंगवशील?" आक्का म्हणाल्या.

"बुटक्या रंगवीन."

"त्यापेक्षा चहा सोड."

"चहा सोडला तर मलाच भूल द्यावी लागेल."

"माझ्याकडे थोडे आहेत," मी म्हणाले.

"तुझं दोन महिन्यांचं भाडं राहिलंय ना?" आक्का म्हणाल्या.

"तेच आहेत."

काकांना हसू आलं. "म्हणजे आमचेच पैसे उदार मनाने आम्हाला देणार."

ते पाच दिवसांच्या औषधांत गेले. दाढा राहिल्या.

मी म्हणाले, "काका, डॉक्टरांना सरळ सांगा. परवडत नाही, काही करता येईल का, विचारा. लोक विचारतात."

"एम्मे, 'परवडणारे दर' हे मी आजवर तीनशे पाट्यांवर रंगवलंय," ते म्हणाले. "तोंडाने कधी म्हटलेलं नाही."

"म्हणून बघा."

"परव..." काका म्हणाले आणि खोकले.

मग तालीम करायचं ठरलं. मी डॉक्टर झाले. वेलांटी स्वतःची भूमिका करायला तयार नव्हती, ती कपाटाखाली गेली. म्हणून आक्का मांजर झाल्या. स्टुलावर बसल्या.

"या काका. बोला."

"डॉक्टरबाई, ऊन फार आहे."

"हो. आणखी?"

"तुमची तब्येत?"

"मी म्याव म्हणू का आता?" आक्कांनी विचारलं.

"थांब गं. डॉक्टरबाई, गोष्ट अशी की, ही आमची मांजरी..."

"खबरदार मला मांजरी म्हणशील तर."

"अगं, तू आत्ता मांजरच आहेस!"

"मग नीट बोल माझ्याबद्दल. नऊ वर्षं तुला सांभाळते, कधी काही मागितलं नाही, असं सांग."

"कोण कोणाला सांभाळतंय?"

"म्याव," आक्का म्हणाल्या. तालीम तिथेच संपली.

चार दिवस असेच गेले. आक्का दर दोन तासांनी अंडं पातळ करून चमच्याने भरवत होत्या आणि शिव्या देत होत्या. निम्मं वेलांटीच्या पोटात जायचं, निम्मं आक्कांच्या अंगावर. पाचव्या दिवशी वेलांटीने चमचासुद्धा नाकारला. काकांनी धुतलेला सदरा घातला. आम्ही दवाखान्यात गेलो.

"डॉक्टरबाई," काका म्हणाले. "मला... परव..."

"परवा नको काका, परवा दवाखाना बंद," डॉक्टरीणबाई काहीतरी लिहिता लिहिता म्हणाल्या.

काका दाराकडे बघायला लागले. काचेतून बाहेरची पातळ छापील पाटी उलटी दिसत होती. काका उलटं तितकंच सहज वाचतात. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"डॉक्टरबाई, तुमची पाटी फार वाईट आहे."

मी डोळे मिटून घेतले.

"काय?"

"उन्हाने विटलीय. प्राण्यांचा दवाखाना, त्यातला र पुसला गेलाय. पाण्यांचा दवाखाना झालंय."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तरीच," त्या म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात एक जण पंप घेऊन आला होता."

"मी रंगवून देतो. पत्र्यावर, हाताने. वीस वर्षं हलणार नाही." काकांनी श्वास घेतला. "बदल्यात दाढा."

त्या उठून दारापर्यंत गेल्या, पाटी पाहिली. मग म्हणाल्या, "चालेल. रक्त तपासायला बाहेर पाठवावं लागतं, तेवढं तुम्ही द्या. बाकी पाटीत वळतं. उद्याच करू या."

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "बघ, न बोलता झालं काम."

आता चुकीकडे येते. चूक माझी आहे.

काकांचा एक नियम आहे. कागदावर असेल तेच पाटीवर. गिऱ्हाइकाने लिहून द्यायचं, काका ते जसंच्या तसं उतरवणार. शहाणपण करायचं नाही. फार पूर्वी एका न्हाव्याने केशकर्तनालय लिहून देताना क्लेशकर्तनालय लिहून दिलं. काकांनी तसंच रंगवलं. सहा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. "धंदा उलट वाढला," काका सांगतात.

डॉक्टरीणबाईंना घाई होती. म्हणून मजकूर त्यांनी तोंडी सांगितला आणि मी लिहून घेतला. दोनच ओळी. मी लिहिलं, घडी घातली, काकांना दिली. मला खात्री होती. मी पोट भरण्यासाठी लोकांच्या पुस्तकांतल्या चुका तपासते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेलांटी आत टेबलावर आणि काका बाहेर शिडीवर, असं एकाच वेळी सुरू झालं. आक्का घरी थांबणार होत्या. त्या आमच्याआधी पोचल्या होत्या. "भाजी घ्यायला आले," म्हणाल्या. हातात पिशवी नव्हती.

काकांनी दोरीला खडू लावून शिरोरेषा आखली. ब्रश बुडवला. हात स्थिर होता. आवाज स्थिर नव्हता.

"एम्मे, बघ जरा आत."

मी आत गेले. आले. "भूल दिलीय. झोपलीय."

काकांनी प्रा काढला. त्यातली र ची तिरकी रेघ त्यांनी अशी ओढली की ती पुढची शंभर वर्षं पुसली जाऊ नये.

"बघ जरा आत."

"पहिली दाढ निघाली."

"बघ जरा."

"काका, मी आत्ताच आले."

"परत बघ."

मी अठरा वेळा आत गेले. मधे त्यांनी वरून विचारलं, "एम्मे, दुसरी ओळ तपासलीस ना?" मी मान वर केली. प्रत्येक काना, प्रत्येक मात्रा, फ चं पोट, त चा पाय, सगळं सुरेख होतं. "अप्रतिम," मी म्हणाले. मी अक्षरं बघत होते. वाचत नव्हते.

दोन्ही दाढा निघाल्या. वेलांटीला रात्रभर नजरेखाली ठेवायचं ठरलं. आक्का म्हणाल्या, "बरं झालं, घरात एक रात्र शांतता." आणि दवाखान्याच्या बाकावरून दोन तास उठल्या नाहीत.

सकाळी दवाखान्यातून फोन आला. "तुम्ही दोघं ताबडतोब या." डॉक्टरीणबाई एवढंच बोलल्या आणि फोन ठेवला.

आम्ही धावत निघालो. मागून आक्का, गुडघा विसरून.

गल्लीच्या तोंडाशीच गर्दी दिसली. दवाखान्याला सुटी होती, तरी रस्त्यात रांग होती. रांगेत शेळी होती. तीन कोंबड्या होत्या, एकाच टोपलीत, एकमेकींशी न पटणाऱ्या. एका बाईंनी काचेच्या बरणीत मासा आणला होता. एका माणसाने दोन गाढवं आणली होती आणि ती दारात आडवी उभी होती. एका म्हातारीने नवऱ्याला आणलं होतं.

"यांच्या पाठीत उसण भरलीय," ती सगळ्यांना सांगत होती. "सर्व प्राण्यांवर लिहिलंय ना? मग?"

नवरा पाठीला हात लावून उभा होता. त्याला रांग पटलेली दिसली.

मी वर पाहिलं. सुंदर पिवळी पाटी. काळी अक्षरं. या वेळी मी वाचलं.

प्राण्यांचा दवाखाना
सर्व प्राण्यांवर मोफत दरात उपचार

त्यांनी माफक सांगितलं होतं.

डॉक्टरीणबाई गाढवांना वळसा घालून बाहेर आल्या. "काका! हे काय आहे?"

काका माझ्या कानाशी कुजबुजले, "दाढा परत बसवतात की काय!"

मग त्यांनी खिशातून कागद काढला. उलगडला. अक्षर माझं होतं. मोफत. स्पष्ट, गोल, वळणदार.

"कागदावर असेल तेच पाटीवर," काका म्हणाले.

"अहो, पण मोफत दरात! हे मराठी तरी आहे का?"

"ती एम.ए. आहे. म्हटलं, नवीन आलं असेल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गाढवंसुद्धा. मला खरं कारण माहीत होतं. गेले कित्येक दिवस माझ्या डोक्यात तो एकच शब्द फिरत होता. त्यांनी माफक म्हटलं आणि मी मोफत ऐकलं. चार वर्षं वाङ्मय शिकले, पण कानाने दगा दिला.

"दुरुस्त करा. आत्ता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही, कागद काढा. मी बोलते ते जसंच्या तसं लिहा. एक शब्द इकडचा तिकडे नको."

मी पेन काढलं.

"माफक! मा-फ-क!"

मी लिहिलं.

काका शिडीवर चढले. तीन पायऱ्या चढून थांबले. वळले. एवढी उंची मिळाल्यामुळे असेल, किंवा वेलांटी अजून आतच होती म्हणून असेल.

"डॉक्टरबाई, तिची चूक नाही," ते म्हणाले. "आम्हाला परवडत नव्हतं."

बोलले. शिडीवरून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. शेळी ओरडायची थांबली.

"त्या दिवशी तेच सांगायला आलो होतो. जमलं नाही. तुम्ही म्हणालात, परवा दवाखाना बंद."

डॉक्टरीणबाई भडकल्या. "अहो काका, पाच दिवस त्या मांजरीला अर्धपोटी ठेवलंत! मी काही ना काही केलं असतं. औषध बदललं असतं, हप्ते केले असते. परवडत नसेल तर आधी बोला! मी काय खाते तुम्हाला?"

"बरोबर आहे," बरणीवाल्या बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई गर्दीकडे वळल्या. "मोफत काही नाही. चूक झालीय. पण आलाच आहात तर आज तपासायचे पैसे घेणार नाही. औषधांचे घेईन. आधी ही गाढवं आत घ्या, मला दारातून जाता येत नाहीये. आजी, यांना पलीकडच्या दवाखान्यात न्या."

"तिथे मोफत आहे का?"

"आजी!"

काकांनी माझ्या हातातून कागद घेतला. मोफत वर पिवळा रंग फिरवला. तो वाळेपर्यंत पाटीवर लिहिलेलं होतं, सर्व प्राण्यांवर, मग रिकामी जागा, मग दरात उपचार. गाढववाल्याने त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून घासाघीस करून पाहिली. संध्याकाळी काकांनी माफक भरलं. मग शिडी जरा खाली सरकवून आणखी एक ओळ काढली. मी आत वेलांटीजवळ होते, मला कळलं नाही.

डॉक्टरीणबाई दिवे घालवून बाहेर आल्या. आम्ही वेलांटीला पिशवीत घालून उभे होतो. त्यांनी वर पाहिलं.

सर्व प्राण्यांवर माफक दरात उपचार
परवडत नसेल तर आधी बोला

"हे कुणी सांगितलं?"

काकांनी कागद पुढे केला. त्यावर माझ्या अक्षरात दोन्ही होतं. जसंच्या तसं लिहा म्हणाल्या होत्या. मी लिहीत राहिले होते. त्याखालची ओळही होती, "मी काय खाते तुम्हाला?"

"ही जागेअभावी घेतली नाही," काका म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाटीशी ताडून पाहिला. आता काय होणार, मला कळेना. आक्कांनी पिशवी छातीशी धरली. गरज पडली तर पळायची त्यांची तयारी होती.

"राहू दे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बोला चा ल सुंदर आलाय."

"ल सगळ्यांना जमत नाही," काका म्हणाले.

तीन दिवस वेलांटी कपाटाखाली होती. काका दुकानात बसून जमिनीकडे बघायचे. काम नव्हतंच, त्यामुळे बघायला वेळ होता. शेपटी जमिनीवरच होती. "अजून उकार," ते रात्री मला सांगायचे. आक्का म्हणायच्या, "मरू दे तिची शेपटी, खाल्लंन का ते विचार."

चौथ्या दिवशी सकाळी जिन्यातून हाक आली. "एम्मे! लवकर!"

मी चप्पल न घालता उतरले. आक्का वाटी घेऊन जमिनीवर बसल्या होत्या. वाटी चाटूनपुसून रिकामी होती. आक्कांच्या अंगावर काही सांडलं नव्हतं. वेलांटी दुकानाच्या मधोमध उभी होती. शेपटी वर, पाठीवरून पुढे, टोक थोडं वळलेलं.

"पहिली की दुसरी?" काकांनी विचारलं. ते डोळे पुसत होते आणि टर्पेंटाइन डोळ्यात गेल्याचं सांगत होते.

तिचं तोंड उजवीकडे होतं. "पहिली," मी म्हणाले.

वेलांटीने वाटी पाहिली, आक्कांकडे पाहिलं, आणि वळली.

"दुसरी," काका म्हणाले. "एम.ए. असून चुकतेस."